असूद्या

११ जानेवारी

मिळाली! सकाळच्या बातम्यांनंतरची पंधरा मिनिटं माझी. इतकी वर्षं रेडिओवर मी हवामान आणि निधनवार्ता वाचत आलो. केंद्रात मला मागून 'ढगाळ' म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. आता ढगाळ लोकांना हसवणार. केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या, "मला एक माणूस द्या. चहाचा कप हातात घेऊन लोकांनी ज्याची वाट बघावी, असा एकच माणूस."

दुपारभर येरझारा घातल्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं, तेव्हा खुर्चीत बसलो. बसल्यावर सुचेना म्हणून पुन्हा उठलो.

आणि मग सापडला. सासूबाई परवाच परत गेल्या. बोटीत चढताना नेहमीसारखं "असूऽ दे" म्हणाल्या. पाण्यापलीकडच्या लोकांचं हे असंच. आभार मानायचे तरी असूऽ दे, निरोप घ्यायचा तरी असूऽ दे, कुणाच्या पायावर पाय पडला तरी असूऽ दे. त्या 'सू'वर असा काही हेल काढतात की पाळण्याला झोका दिल्यासारखं वाटतं. ही तिकडचीच. लग्नाआधी त्या हेलावरच तर मी भाळलो होतो.

तर माझा माणूस म्हणजे पलीकडून कामाला आलेला गडी. छप्पर गळतंय? असूऽ दे. म्हैस सुटली? असूऽ दे. मालकाच्या धोतराला आग लागली? असूऽ दे. नाव ठेवलं असूद्या.

हिला करून दाखवला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हसली. मग म्हणाली, "तो काम कधी करतो?"

"अगं, करतच नाही! तीच तर गंमत."

"हं," म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

१९ जानेवारी

पहिला आठवडा संपला. ध्वनिमुद्रण करणारा इतका हसला की त्याचंच हसू टेपवर आलं आणि सगळं परत करावं लागलं. बाई म्हणाल्या, "कुठे होतात इतकी वर्षं?" मी म्हणालो, "ढगांत." त्यावरही हसल्या. माणसाला एकदा विनोदी ठरवलं की त्याने काहीही बोललं तरी चालतं.

सासूबाईंचा फोन आला. तिकडेही ऐकू जातं म्हणे. मला जरा धाकधूक होती. पण त्या खळखळून हसल्या. "अगदी आमच्या थोरल्या दिरांसारखा बोलतो हो, जावईबापू!" झालं तर मग. ज्यांचं बोलणं त्यांनाच आवडतंय, तर दुसऱ्या कुणाला बोलायला जागाच कुठे राहिली?

हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, "आईला वाटतंय तुम्ही तिच्यावरच्या प्रेमाने करताय."

"मग? प्रेमानेच करतोय."

"मी कुठे नाही म्हणाले?"

८ फेब्रुवारी

आज एक विलक्षण गोष्ट घडली.

न्हाव्याकडे रांगेत बसलो होतो. एक गिऱ्हाईक पैसे द्यायला खिसे चाचपत उभं होतं. न्हावी म्हणाला, "चला की राव, असूद्यापणा पुरे झाला!" आणि सगळे हसले. त्याला माहीत नव्हतं की मी मागे बसलोय. तो शब्द मी केला, या खोलीत, या टेबलाशी. तो माझ्याआधी त्या दुकानात जाऊन बसला होता!

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. किती कवी मरून जातात, पण त्यांचा एक शब्द लोकांच्या तोंडी बसत नाही. ही म्हणाली, "तो माणूस पलीकडचा होता?"

"कोण, गिऱ्हाईक? छे. इथलाच. म्हणजे बघ, शब्द कुठल्या लोकांचा राहिलाच नाही. सगळ्यांचा झाला."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उद्या बाईंनाही सांगीन.

२ मार्च

रविवार. मेहुणे जेवायला आले होते. हा हिचा धाकटा भाऊ. लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीचं काम करतो. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्टा त्याच्या हाताखालून जातात. जेवताना पाणी संपलं. ठकीने, म्हणजे आमच्या लेकीने, तांब्या भरून आणायला सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, "बसू दे गं तिला, मी आणतो." आणि जेवताजेवता उठायला त्याला थोडा वेळ लागला, इतकंच. ठकी म्हणाली, "मामा, तू तर अगदी असूद्याच आहेस!"

मग तो मोठ्याने हसला. "आहेच मुळी! पलीकडचा ना मी!" मीही हसलो. ही उठली आणि जेवणं अजून व्हायची होती, तरी ओटा पुसायला लागली.

नंतर मी ठकीला बाजूला घेऊन समजावलं, की मोठ्यांना असं म्हणू नये. ती म्हणाली, "पण बाबा, शाळेत मला म्हणतात." मी विचारलं, "का?" तर म्हणे, "मागच्या महिन्यात आजी पुन्हा आली होती ना, मला शाळेतून न्यायला. तिचं बोलणं ऐकलं तेव्हापासून." पोरांचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं. मला शाळेत लंबू म्हणायचे.

एक मात्र लक्षात आलं, ते लिहून ठेवतो. ही अलीकडे फार स्वच्छ बोलायला लागली आहे. हेल पार गेला. बातम्या वाचाव्यात तसं बोलते. आईशी फोनवर बोलायचं असलं की आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. इतकी वर्षं शहरात राहून शेवटी शहर अंगात मुरलंच म्हणायचं.

१७ मार्च

भाड्याने खोली देणे आहे, अशी पाटी बेकरीच्या बाजूच्या जिन्यावर लागलीय. खाली खडूने लिहिल्यासारखं दिसलं: 'असूद्यांनी विचारू नये.'

पोरासोरांचं काम. मी रुमालाने पुसायला गेलो, पण ते खडूने नव्हतं, रंगाने होतं.

आज भाग लिहिताना सारखा उठत होतो. नळ बंद आहे का ते तीनदा बघून आलो.

२६ मार्च

मेहुण्यांवर मोठं संकट आलंय. नीट लिहायचा प्रयत्न करतो.

कचेऱ्यांच्या त्या उंच इमारतीत लिफ्टच्या दाराचं कुलूप नीट लागत नव्हतं. लिफ्ट मजल्यावर नसतानाही दार उघडायचं. काल सकाळी त्याने ती बंद केली, खाली 'बंद आहे' अशी पाटी लावली आणि नवं कुलूप आणायला कारखान्यात गेला. मधल्या वेळात वॉचमनने पाटी काढली आणि लिफ्ट सुरू केली. तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीतल्या एक वयस्क टंकलेखिका बाई दार उघडून आत पाऊल टाकायला गेल्या. आत लिफ्ट नव्हती. खालच्या मजल्याशी थांबलेल्या लिफ्टच्या छतावर आदळल्या, म्हणून वाचल्या. खुब्याचं हाड मोडलंय.

वॉचमन म्हणतो, मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, असूऽ दे.

ही बातमी ऐकल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं. इतकंच. तेव्हापासून मी या घरात बसू शकत नाहीये. गच्चीवर गेलो तर तिथे वाळत घातलेल्या कपड्यांमधून कुणी ना कुणी येत-जात होतं. खाली उतरलो. पुन्हा वर आलो.

२७ मार्च

वर्तमानपत्रात पहिल्या पानावर. 'असू दे म्हणाला आणि बाई कोसळल्या!' खाली मेहुण्यांचा फोटो. शेजारी चौकटीत एक व्यंगचित्र: लोंबकळणारी लिफ्ट आणि छतावर झोपलेला असूद्या. त्याचं नाक मी रेडिओवर वर्णन करतो तसंच काढलंय.

केंद्रात शिरलो तर दोघा-तिघांनी पाठीवर थाप मारली. "काय ढगाळ, पहिल्या पानावर!"

३० मार्च

मेहुण्यांना चौकशी होईपर्यंत कामावरून घरी बसवलंय. आज भेटायला गेलो. खोलीत त्याने हत्यारं जमिनीवर मांडून ठेवली होती आणि एकेक पुसत होता. स्वच्छ होती, तरी पुसत होता.

"भाऊजी, मी जिन्यात होतो," तो म्हणाला. "वॉचमन वरून ओरडला, 'चालू करतो जरा, लोकांचा खोळंबा होतोय.' मी म्हणालो, 'असू दे.' म्हणजे राहू दे. आहे तशी असू दे. दुसरा काय अर्थ होतो हो त्याचा?"

"काहीच नाही."

"मग त्याने चालू का केली?"

मी म्हणालो, "लोक नीट ऐकत नाहीत."

त्याने हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही, तो रोज ऐकतो. त्याच्या केबिनमध्ये सकाळी रेडिओ चालू असतो. मला बघून म्हणायचा, 'या असूद्याशेठ.' चांगला माणूस आहे. चहा पाजतो."

निघताना मी त्याला म्हणालो, काळजी करू नको, माझ्या हातात माध्यम आहे. तो म्हणाला, "तुम्ही काही करू नका, भाऊजी." बिचाऱ्याला संकोच वाटतो.

५ एप्रिल

केलं! उद्याच्या भागात असूद्या नायक आहे. पुरात वाहून जाणाऱ्या मालकाच्या पोराला तो उडी मारून वाचवतो. सगळे काठावर उभे राहून ओरडतायत आणि हा एकटा पाण्यात. एकही विनोद ठेवला नाही. शेवटी मालक रडत म्हणतो, "तुझे उपकार कसे फेडू?" आणि तो म्हणतो, "असूऽ दे." आता लोकांना कळेल.

हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याला नाव द्या ना एक."

"आहे की. असूद्या."

"माणसाचं."

आता इतक्या महिन्यांनी नाव कसं बदलणार? ऐकणाऱ्यांचा गोंधळ होईल.

७ एप्रिल

हसले. शहरभर लोक हसले. आजवरचा सगळ्यात विनोदी भाग, असं बाई म्हणाल्या. फोनवर फोन येत होते. बसच्या थांब्यावर एक गृहस्थ डोळे पुसत दुसऱ्याला सांगत होते, "असूद्या आणि उडी मारतो! उडी! अहो, तो उडी मारेपर्यंत पोरगं समुद्राला लागलं असतं!" ऐकणारा पोट धरून हसत होता.

मी म्हणालो, "तो खरंच वाचवतो त्याला." गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, "हो ना! तेच तर!"

९ एप्रिल

बाईंकडे गेलो. कार्यक्रम थांबवू या म्हणालो. किमान चौकशी होईपर्यंत तरी. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"तुमची अडचण समजते," त्या म्हणाल्या. "घरातलाच माणूस आहे. तुम्ही विश्रांती घ्या. कार्यक्रम काही थांबत नाही."

"मीच नाही तर असूद्या कसा होणार?"

त्यांनी बातम्या वाचणाऱ्या तरुणाला हाक मारली. तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "असूऽऽ दे." हेल माझ्यापेक्षा लांब. नाकातून. त्याने आयुष्यात पाणी ओलांडलेलं नाही. बाई हसल्या. मी पण हसलो, काय करणार? हसूच आलं. त्याचं मला आता फार वाईट वाटतंय.

उद्यापासून हवामानही तोच वाचणार.

१४ एप्रिल

टंकलेखिका बाईंना भेटायला रुग्णालयात गेलो. मेहुण्यांच्या वतीने चार शब्द बोलावेत म्हणून. पायाला वजन टांगलेलं. चेहरा पांढरा पडलेला, पण केस नीट विंचरलेले. मी "नमस्कार, मी..." एवढंच म्हणालो आणि त्यांनी डोळे विस्फारले.

"अगंबाई! तुम्ही तर ते!" त्या हसायला लागल्या, मग कळवळल्या. "हसवू नका हो, दुखतं. इथे रोज सकाळी लावतात तुमचं. आता दुसरंच कुणी करतं ना? मजा नाही त्यात."

मी सांगायला आलो होतो की ज्याला सगळे दोष देतायत, तो तसा नाही. सांगितलंही. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "तो मुलगा इथे येऊन गेला. पहिल्याच दिवशी. दाराशी उभा होता, आत येईना. मीच म्हटलं, ये. तर रडला. मला काही त्याचा राग नाही. पण अहो, ते लोक असतातच ना जरा तसे? त्यांचाही काय दोष?"

"म्हणजे कसे?"

"तुम्हाला मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसू दाबलं.

येताना चुकीच्या बसमध्ये बसलो. शेवटच्या थांब्यापर्यंत कळलंच नाही.

२१ एप्रिल

आज चौकशी झाली. सगळं लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

लांबट खोली, एका बाजूला ओळीने खिडक्या. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ. कोपऱ्यात टिपणं घेणारा कारकून. इमारतीचे चिटणीस, कंपनीची माणसं, मागच्या रांगांत आणखी कोण कोण. मेहुणे पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून. ही सगळ्यात मागे बसली. माझ्या शेजारी जागा होती, पण म्हणाली इथे बरं आहे, वारा लागतो.

आधी वॉचमन. वयस्क, भाबडा चेहरा. म्हणाला, "मी ओरडून विचारलं, साहेब. चालू करतो, लोकांचा खोळंबा होतोय. तर हा म्हणाला, असूऽऽ दे."

हेल त्याने काढला. माझा हेल. मागे कुणीतरी फसकन हसलं.

"म्हणजे काय समजलात तुम्ही?"

"म्हणजे... चालायचंच. होईल तसं होईल. असंच बोलतात ना साहेब ते लोक."

मग मेहुणे. तो म्हणाला, "हो, 'असू दे' म्हणालो. आहे तशी बंद असू दे."

"'बंद' हा शब्द उच्चारलात?"

"नाही."

"फ्यूज काढून बरोबर का नेला नाहीत?"

"न्यायला हवा होता. ती माझी चूक आहे, साहेब." हे त्याने कशाला कबूल करायचं? मी खुर्चीत चुळबुळत होतो.

मग मी. मी स्वतःहून बोलायची परवानगी मागितली होती. तोंड उघडताच अधिकाऱ्यांचा चेहरा खुलला. "तरीच! आवाज ओळखीचा वाटत होता. आमच्याकडे सकाळी तुमच्याशिवाय पान हलत नसे." मी मान लववली. मग सुरुवात केली. "साहेब, पलीकडच्या बोलण्यात 'असूऽ दे' याचा अर्थ..."

आणि खोली हसली.

मला तसं म्हणायचं नव्हतं. साधं म्हणायचं होतं. मी थांबलो, घसा साफ केला आणि पुन्हा म्हणालो. पुन्हा तसंच आलं, नाकातून, झोका देत. आता कारकूनही हसत होता. अधिकारी रुमालाने ओठ पुसत म्हणाले, "शांतता, शांतता." मी अजून एकदा प्रयत्न केला. तो शब्द साधा बोलताच येईना मला! दोन अक्षरं आणि एक अक्षर. लहानपणापासून दिवसातून पन्नास वेळा बोलत असेन. माझ्या तोंडात तो जागेवर नव्हताच, तिथे दुसराच बसला होता. मेहुणे मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते. मी काहीतरी बोलून खाली बसलो. काय बोललो ते आठवत नाही.

तेव्हा मागून आवाज आला, "मी बोलू का? मी त्याची बहीण."

ही उभी होती. अधिकारी म्हणाले, "बोला ना."

ती पुढे आली, खिडकीपाशी थांबली. "साहेब, तुमच्या डोळ्यांवर ऊन येतंय. पडदा ओढू का?"

"असू दे, असू दे," अधिकारी म्हणाले. "तुम्ही बोला."

ती काहीच बोलली नाही. पडद्याला हात लावला नाही. तशीच उभी राहिली. अधिकारी वाट बघत होते. सगळेच वाट बघत होते. मग मला दिसलं की अधिकाऱ्यांचा हात टेबलावर थबकला आहे.

"मी पडदा ओढला नाही, साहेब," ही म्हणाली.

एवढंच. कुणी हसलं नाही. आपल्या जागेवर परत गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

अधिकाऱ्यांनी वॉचमनला पुन्हा बोलावलं. नीट आठवून सांगा म्हणाले. त्या दिवशी हा नक्की कसा बोलला? तो म्हातारा टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, तो हळू बोलला होता," तो शेवटी म्हणाला. "घाईत होता. हेल-बिल काही नसणार. मला जो आठवतोय ना... तो आवाज याचा नाहीये. रेडिओतला आहे." आणि माझ्याकडे बोट न दाखवता त्याने नुसती मान वळवली.

ही इतकी धीट आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिला तसं म्हणालो. आणि म्हणालो, "एका अर्थी बरंच झालं मी आधी बोललो, वातावरण तयार झालं." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही. पत्ता चुकलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग भावाचा हात धरून ती त्याच्याबरोबर चालत गेली. मी पलीकडच्या फुटपाथवरून घरी आलो.

३ मे

निकाल दोन-तीन दिवसांतच लागला. ठपका फक्त फ्यूजपुरता. कंपनीने मेहुण्यांना कामावर परत घेतलं. घेतलं खरं, पण कुठल्याच इमारतीला तो नकोय. "दुसरा माणूस पाठवा," एवढंच म्हणतात, कारण सांगत नाहीत. आठवडाभर तो कंपनीच्या बाकावर बसून होता. आता सोडून पलीकडे गेलाय. बोटींची इंजिनं दुरुस्त करणार म्हणे.

ही आणि ठकीही गेल्या. शाळेला सुट्टी आहे, आजीला तेवढंच बरं वाटेल. ठकीने पुढच्या वर्षाची पुस्तकं नेलीत, अभ्यासू झाली आहे. हिने स्वेटर नेले. पाण्यावरून वारा येतो, संध्याकाळी गार होत असेल.

सकाळी रेडिओ लावला. तो तरुण आता असूद्याला बायकोही देणार आहे. ती पण पलीकडचीच. बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

१८ मे

न कळवता पलीकडे जाऊन आलो. घरात एकट्याने किती फेऱ्या मारणार?

बोटीत तिकीट मागितलं आणि शेजारच्या बाईने आवाजावरून ओळखलं. तिने बाजूच्या बाईला कोपराने खुणावलं. काही वाईट बोलल्या नाहीत. नुसत्या बोलायच्या थांबल्या. काठ येईपर्यंत बोटीत फक्त इंजिनाचा आवाज होता. मी उभाच राहिलो.

सासूबाईंच्या घराशी पोचलो तर आतून हसण्याचा गलका ऐकू येत होता. सगळे एकदम बोलत होते. मला बरं वाटलं. मी कडी वाजवली.

आत शांत झालं. दार सासूबाईंनी उघडलं. "या, बसा. प्रवास ठीक झाला ना?" एकेक शब्द सुटा, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. क्षणभर वाटलं, घर चुकलं. त्या अशा कधी बोलत नव्हत्या. जावईबापूही म्हणाल्या नाहीत.

मेहुणे आले, हात पुसत. "कसे आहात, भाऊजी?" तेही तसंच. हिने पाणी आणून दिलं. "आज अचानक कसे आलात?" मी म्हणालो, सहज. सगळे माझ्याभोवती बसले होते, हवा-पाण्याचं बोलत होते, आणि कुणाच्याही बोलण्याला कुठेच हेल नव्हता. त्यांना कष्ट पडत होते. सासूबाई वाक्य सुरू करायच्या आणि मध्येच थांबून शब्द शोधायच्या. ऐंशीला टेकलेली बाई स्वतःच्या घरात शब्द शोधत होती.

मी म्हणालो, "आई, तुम्ही बोला ना, तुमच्यासारखं. मी काही..."

"बोलतेय की," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. आवाज न करता.

मग मात्र बसवेना. मी म्हणालो, जरा मोकळ्या हवेत बसतो. कुणी अडवलं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो, दार मागे लोटून घेतलं. समोर पाणी. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी मुद्दाम खाकरलो नाही, हललो नाही.

मग आत हळूच कुणीतरी काही म्हणालं. कुणीतरी उत्तर दिलं. भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग सासूबाईंचा आवाज, तोच, जुना, वर जाणारा आणि हळूच उतरणारा. मेहुणे काही म्हणाले आणि सगळे हसले. मध्ये एक बारीक आवाज होता, सगळ्यांत जास्त झोके घेणारा, सगळ्यांच्या वरचढ. शेजारचं कुणी पोर आलं असेल असं मला वाटलं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ती ठकी आहे.